खालच्या मजल्यावरच्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

हे पत्र खाली येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण रिसेप्शनच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी मुली आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

उमरेडहून नागपूरला आले आणि धंतोलीत एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागले. दुसऱ्याच आठवड्यात कुरिअरच्या फॉर्मवर 'रिसिपियंट'च्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. रिसेप्शनवर बसते तीच रिसिपियंट, असं वाटलं मला. पेशंटचे रिपोर्ट फिरून माझ्याच टेबलावर आले आणि चारचौघांत बोलणी खाल्ली.

त्या संध्याकाळी जिन्यात तुम्ही विचारलंत, "काहून रडून राहिली, पोरी?" कूलरसमोर बसवलंत आणि वीजबिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं झाड काढलंत. मुळाशी लॅटिन 'कापेरे', म्हणजे घेणे. फांद्यांवर रिसीव्ह, रिसेप्शन, रिसीट. रिसिपियंट म्हणजे ज्याला मिळतं तो. रिसीटमधला मुका 'पी' पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून मागाहून घातला. त्याच कुळातल्या 'डिसीट'च्या वाट्याला तो आला नाही. आणि 'रेसिपी' म्हणजे मुळात 'घे' ही आज्ञा, वैद्य औषधाच्या चिठ्ठीवर लिहीत ती. डॉक्टर चिठ्ठीवर पायाला रेघ मारलेला आर काढतात, तो तिचाच. दिवसभर माझ्या हाताखालून जाणारा आर!

'रिसेप्टिव्ह'शी मी अडले. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. म्हणालात, "आपला ग्रह् धातू आठव. ग्राहक, ग्रहण, ग्रहणशील. रिसिपियंटला पार्सल मिळतं, मग तो ते उघडो न उघडो. रिसेप्टिव्ह माणूस उघडून पाहतो." तेव्हापासून या दोन शब्दांत माझी गल्लत झालेली नाही. शाळेत इंग्रजीचे शब्द मी नुसते घोकले होते. त्यांनाही आपल्यासारखी भावंडं असतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मार्चमध्ये कामाच्या मूल्यमापनाचा फॉर्म आला. त्यात 'रिसेप्टिव्ह टू फीडबॅक' असा रकाना होता. कुणालाही न विचारता तो वाचला, आणि समोर शेरा होता 'उत्तम'. घरी येऊन आधी ते वीजबिल काढून पाहिलं. पेन्सिल पुसट होत चालली आहे, म्हणून वरून पेन फिरवलं.

मॅडम, तुमचे मनापासून आभार. रविवारी येते. तुमच्या कूलरची खस बदलायची राहिली आहे, ती मी आणते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची