रोज दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या आणि नानांची कवळी शोधून देणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

रविवारी नानांच्या नातीचं लग्न छान झालं. नानांनी मंगलाष्टकं म्हटली, एक नाही, तीन. शेवटचं ‘सावधान’ कार्यालयाच्या मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आचाऱ्यांपर्यंत पोचलं. ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला कळायला हवी होती, पण सोमवारी पाहुणे होते आणि मंगळवारी तुमची सुट्टी. म्हणून आता लिहिते आहे.

गुरुवारी सकाळी मी तुमच्यासमोर धापा टाकत उभी राहिले तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं, आणि वस्तू हातात पडल्यावर तशीच घरी पळाले. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. हे पत्र चारचौघांनी वाचावं असं उघड लिहिते आहे. नानांना विचारलं, लिहू का? म्हणाले, “लिही की. आणि कवळीला कवळीच म्हण, त्यात लपवायचं काय?”

तर त्या दिवशी आमच्या घरात काय चाललं होतं ते आधी सांगते, कारण तुम्हाला फक्त शेवट माहीत आहे.

नाना पहाटे पाचला उठतात. खिडकीतल्या डबीत रात्रभर पाण्यात ठेवलेली कवळी धुऊन लावतात, मगच चहा घेतात. गुरुवारी डबीत नुसतं पाणी. त्यांनी आधी कोणाला उठवलं नाही. एकट्याने तासभर शोधलं. सहाला मी स्वयंपाकघरात आले तर नाना टेबलाशी तोंडावर पंचा धरून बसलेले. काय झालं विचारलं तर बोलेनात. कॅलेंडरच्या मागे दुधाचा हिशोब लिहितो तिथे त्यांनी पेन्सिलीने दोनच अक्षरं लिहिली, ‘दात’, आणि खाली रेघ ओढली.

माणूस बोलायचं का टाळतो ते मला त्या दिवशी कळलं. शाळेत त, थ, द, ध, न ही दंत्य अक्षरं म्हणून पाठ केली होती, आणि स सुद्धा. दात गेले की ती सगळी एकदम निसटतात. नानांनी एकदा ‘सासूबाईंच्या कपाटात बघ’ असं सांगायचा प्रयत्न केला, आणि माझ्या लेकीला हसू आवरेना. मग नानाही हसले, पण पंचा बाजूला केला नाही. तीन दिवसांवर नातीचं लग्न, आणि मंगलाष्टकं आजोबाच म्हणणार हे ती चार वर्षांची असल्यापासून ठरलेलं.

नवी करायची म्हटलं तर माप घ्यायचं, मेणात दात बसवून लावून बघायचे, मग पक्की करायची, म्हणजे चार-पाच खेपा. आणि नवी कवळी पहिल्या दिवशी तोंडात बसली तरी जिभेला ती परकीच. ही जुनी कवळी रुळायला नानांना दोन महिने लागले होते. श्रीखंडापासून भाकरीपर्यंत यायलाच सहा आठवडे.

म्हणून शोध सुरू झाला. मावशी, आमच्या घरात किती वर्षांचं काय काय हरवलेलं होतं ते त्या दोन तासांत उघड झालं. गादीखाली कुकरची शिट्टी सापडली. तिच्यासाठी आम्ही नवी शिट्टी घेतली, मग ती बसेना म्हणून नवा कुकर घेतला. आईंच्या (म्हणजे माझ्या सासूबाईंच्या) जुन्या पर्समध्ये दुसऱ्या पर्सची किल्ली निघाली. शिवणाच्या डब्यात, म्हणजे बिस्किटांच्या निळ्या डब्यात, माझं सहा वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं. त्यासाठी मी तेव्हा रिक्षावाल्यावर संशय घेतला होता, त्याची आठवण येऊन फार वाईट वाटलं. माळ्यावरून एक स्टीलचं पातेलं उतरलं, त्यावर शेजारच्या काकूंचं नाव आणि ‘१९८७, मुंजीनिमित्त’ असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. काकूंना नेऊन दिलं तर त्यांनी आत जाऊन आमचं नाव कोरलेली दोन ताटं आणली. दोन्ही घरांना पस्तीस वर्षांत पत्ता नव्हता.

आई देवघरासमोर बसून कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणत होत्या. त्या राजाचं नुसतं स्मरण केलं तरी हरवलेलं, गेलेलं परत मिळतं असं त्यात म्हटलं आहे. हजार हात होते म्हणे त्याला. आमच्याकडे काही हरवलं की हाच श्लोक. पदराला गाठही मारली होती त्यांनी, वस्तू मिळेपर्यंत सोडायची नाही. समोरच्या घरात भाड्याने राहणारी गोव्याची मुलगी आवाज ऐकून आली, तिने सांत आंतोन या ख्रिस्ती संताला प्रार्थना केली. तिच्या घरी हरवलेल्या वस्तूसाठी त्यालाच हाक मारतात. मला हे सगळं त्या घाईतही खूप आवडलं. दोन देव, तीन बायका, आणि एक कवळी.

आणि या गडबडीत आठ वाजले. तुमची शिट्टी वाजली. मी दार उघडलं, ओल्याची बादली आणि सुक्याची पिशवी तुमच्या हातात दिली, ‘या मावशी’ म्हटलं आणि पुन्हा सोफ्याखाली बॅटरी मारायला वाकले.

साडेनऊला लेक शाळेच्या गॅदरिंगचे फोटो शोधत बसली होती, तिला एकदम आठवलं. “नाना, काल जेवताना तुम्ही कागदात काय बांधत होतात?”

रात्री आंबे होते. हापूस नव्हे, चिपळूणहून पाहुण्यांनी आणलेले रायवळ. रायवळ कापून खायचा नसतो, चोखायचा. त्याचे धागे कवळीखाली अडकतात, म्हणून नानांनी ती काढून कागदी रुमालात गुंडाळली, ताटाशेजारी ठेवली, आणि कोय चोखण्यात रंगून गेले. सालं, कोयी आणि तो रुमाल कोणीतरी एकाच हाताने उचललं असणार. कोणी ते आम्ही शोधलं नाही.

मी चपला उलट्या घालून खाली आले. तुम्ही गल्लीच्या टोकाला पिंपळाखाली जुना फ्लेक्स अंथरून वर्गीकरण करत होतात, गाडी यायला अर्धा तास होता. तुमच्याभोवती दीडशे घरांचा कचरा. मी म्हटलं, दात हरवलेत. तुम्ही वर बघितलंत, हसला नाहीत. विचारलंत, “खरं का कवळी?”

मग तुम्ही जे प्रश्न विचारलेत ते मी घरी जसेच्या तसे सांगितले.

“कागुद कंचा? पेपरचा का पांढरा?”

“पांढरा.”

“आंबं खाल्लं व्हतं?”

“हो.”

“बारकं का मोठं?”

मी म्हटलं रायवळ. तुम्ही तीन ड्रम सोडून चौथ्याकडे गेलात. मला वाटलं अंदाजाने गेलात. तर तुम्ही समजावून सांगितलंत: सध्या सगळ्यांच्या ओल्यात हापूसच्या मोठ्या कोयी, सुरीने कापलेल्या, बाजूला गर राहिलेला. बारक्या आणि पांढऱ्याफेक चोखलेल्या कोयी आज एकाच घरच्या होत्या. शिवाय त्यात गवती चहाचं चिपाड होतं, आणि चहात गवती चहा घालणारी घरं तुमच्याकडे दोनच. एक आमचं आणि एक बी विंगमधलं.

मावशी, सहा वर्षं तुम्ही आमच्या दारात येता. आम्ही कसा चहा पितो, आंबा कसा खातो, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकतो की लोंबता ठेवतो, हे तुम्हाला माहीत आहे. (कोपरा कापून टाकायचा नसतो, तो बारीक तुकडा हाताला लागत नाही आणि वाया जातो, हेही तुम्हीच सांगितलंत.) मला तुमच्या घरचं काहीच माहीत नव्हतं.

तुम्ही लोखंडी आकडा बाजूला ठेवलात. म्हणालात, आकड्यानं फुटंल. हातांनी चाळायला लागलात. मी हात घालायला गेले तर मनगट धरून थांबवलंत, “काच असती, ताई.” तुमच्या अंगठ्याजवळची पांढरी खूण तेव्हा दिसली. कोणीतरी फुटलेला दिवा साध्या पिशवीत टाकला होता, आठ टाके पडले.

पांढऱ्या कागदाच्या गुंडाळ्या अकरा निघाल्या. मी मोजल्या. आमच्या कोयी रचल्या होत्या त्यावर दुसऱ्या घरांचंही पडलेलं होतं, त्यामुळे सगळ्या उघडणं भाग होतं. एकीत केस. एकीत शिळी पोळी. आणि तीन वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या होत्या, ज्या वर्तमानपत्रात बांधून वर लाल ठिपका काढून वेगळ्या द्यायच्या असतात. पुण्यात हे किती वर्षं सांगताहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांतही ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा असं स्पष्ट होतं. एक पेन घेऊन एक ठिपका काढायचा, एवढंच. त्या तीन गुंडाळ्या तुम्ही उघडल्यात, पुन्हा बांधल्यात, बाजूला ठेवल्यात, तोंडातून शब्द काढला नाहीत. मी तिथे उभी होते आणि मला त्या घरांच्या वतीने फार लाज वाटली. आमच्या नानांच्या दातांसाठी तुम्हाला ते हाताळावं लागलं, हे मी विसरणार नाही.

नववी गुंडाळी उघडल्यावर तुम्ही म्हणालात, “हे बघा आजोबा.”

कवळी नाही म्हणालात. आजोबा म्हणालात.

तुमच्या प्यायच्या पाण्याची बाटली होती, त्यातलं निम्मं पाणी ओतून तुम्ही ती धुतलीत आणि मला बजावलंत, “उकळत्या पान्यात टाकू नगा. आमच्या मामांजींची वाकडी झाली व्हती, पुन्यांदा बसलीच न्हाई.” माझ्या मनात घरी जाऊन नेमकं तेच करायचं होतं, खळखळ उकळायचं. कवळीचं प्लास्टिक कढत पाण्यात आकार सोडतं, असं नंतर दातांच्या डॉक्टरांनीही सांगितलं. त्यांनी ती स्वच्छ करून दिली, औषधाच्या पाण्यात ठेवली आणि संध्याकाळी परत दिली. कुठे चीर नाही, दात हललेला नाही.

पैसे द्यायला मी पर्स आणलीच नव्हती. तुम्ही म्हणालात, “जावा आधी, तोंड मिटून बसलं असतील.” तुम्हाला कसं कळलं? खरोखर तसेच बसले होते. आईंनी पदराची गाठ सोडली आणि नाना पहिलं वाक्य बोलले ते असं: “त्या बाईंना चहा दिलास का?”

नाही दिला. म्हणून शुक्रवारी दिला, गवती चहा घातलेला, आणि तुम्ही पहिल्यांदा आमच्या दारात पाच मिनिटं बसलात. तेव्हा तुम्ही तुमच्या सासूबाईंबद्दल सांगितलंत. त्या कचराकुंडीतून वेचायच्या, हातात काही नसताना, कुत्री अंगावर यायची. मग १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, त्यांना ओळखपत्र मिळालं, ते त्यांनी देवघरात ठेवलं होतं. २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचं काम सुरू झालं आणि तुम्ही कुंडीवर न जाता दारावर यायला लागलात. “कुंडीवर कचरा कुनाचा ते कळत न्हाई,” तुम्ही म्हणालात, “दारावर घेतला की कळतं.” तुम्ही कोयी ओळखल्यात त्याचं कारण मला त्या वाक्यात मिळालं.

दोन गोष्टी केल्या आहेत, त्या तुम्हाला कळवते. आपल्या इमारतीत तुम्हाला लिफ्ट वापरू देत नव्हते, चार मजले बादल्या घेऊन जिन्याने. मी सहा वर्षं हे बघत होते आणि कधी विचारलं नव्हतं. बुधवारी सभेत विषय काढला. नाना स्वतः आले आणि बोलले, सगळी दंत्य अक्षरं स्पष्ट. आता लिफ्ट तुमच्यासाठीही आहे, तळमजल्यावर लिहून लावलं आहे. आणि नळाशेजारी हात धुवायला साबण ठेवला आहे. दुसरी गोष्ट, लाल पेन दोऱ्याने बांधून प्रत्येक मजल्यावर टांगलं आहे. माझी लेक रोज बघते जागेवर आहे का, पेनं हरवायला वेळ लागत नाही.

सोबत लग्नातले बुंदीचे लाडू पाठवते आहे. नानांनी त्यातला एक माझ्यासमोर कडक चावून दाखवला आणि म्हणाले, हा पुरावा म्हणून लिही.

डबा नवा आहे. भांड्याच्या दुकानात त्यावर कोरायला नाव विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला ते ठाऊकच नाही, मी तुम्हाला नुसतं मावशी म्हणत आले. परवा लिफ्टमध्ये तुमच्या ओळखपत्रावर वाचलं, मग दुकानात परत गेले. झाकणावर तुमचं नाव आहे, तुमचं एकटीचं. डबा परत करायचा नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची, गवती चहावाली