कुकरची रिंग आणि तिसरा टप्पा

ऐरोली,
१८ जानेवारी २०२६

प्रिय मुक्ता,

तिळगूळ घे, गोड बोल. सप्टेंबरपासून तुझी तीन पत्रं आली आणि माझ्याकडून एक ओळ नाही, म्हणून रागावली असशील तर तेही गोडच बोल. आईचा गुडघा आहे तसाच. माझं बीपी गोळीवर बरं आहे. झाली तब्येतीची चौकशी.

सोमवारचं तू पाहिलंसच. इस्रोचं पीएसएलव्ही सी-६२ रॉकेट गेलं गं, पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात. इथे सगळे ‘अरेरे’ म्हणाले आणि हलव्याच्या दागिन्यांकडे वळले, त्यांचं चुकलं असंही नाही. पण ‘पुन्हा तिसऱ्याच’ हे दोन शब्द ऐकून जिच्या पोटात गोळा येईल अशी माझ्या ओळखीत तूच. तुला यातलं काही समजावायला नको, पण मांडल्याशिवाय मला सुचत नाही हे तुला कॉलेजपासून माहीत आहे. तेव्हा वाच.

पहिले दोन टप्पे नीट झाले. तिसऱ्याच्या अखेरीस रोलचा, म्हणजे स्वतःच्या अक्षाभोवती फिरण्याचा, वेग बिघडला, यान वाटेवरून ढळलं, आणि सोळांपैकी एकही उपग्रह कक्षेत पोचला नाही. गेल्या १८ मे रोजी सी-६१ वर ईओएस-०९ उपग्रह होता, तेव्हा याच टप्प्यात चेंबरचा दाब घसरला होता. लक्षणं वेगळी, टप्पा एक. साडेसात टनांच्या आसपास घन इंधन, केव्हलारच्या जातीच्या धाग्याचं आवरण, पिच आणि यॉ, म्हणजे नाकाची वर-खाली आणि डावी-उजवी हालचाल, सांभाळायला दोन अंश हलणारं नॉझल, म्हणजे वायू बाहेर सोडणारं तोंड. रोल मात्र हा टप्पा स्वतः सांभाळतच नाही, ते काम वरच्या चौथ्या टप्प्याच्या छोट्या थ्रस्टरांकडे. घन इंधनाला नळ नसतो. एकदा पेटलं की संपेपर्यंत जळणार, मधे काही दिसलं तरी खालून काही करता येत नाही. अशा मोटरमध्ये दाब घसरायची कारणं बोटांवर मोजण्याइतकी: आवरणातून किंवा सांध्यातून वायूला वाट मिळाली, नॉझलचा गळा हिशोबापेक्षा जास्त झिजला, नाहीतर इंधन ठरल्या वेगाने जळलं नाही. यातली पहिली गोष्ट एका अंगाने झाली तर बाहेर पडणारा वायू आडवा धक्का देतो. तो धक्का रोलच्या दिशेने बसला तर चौथ्या टप्प्याच्या थ्रस्टरांनी किती रेटायचं?

पण मला छळतोय तो अहवाल. सी-६१ च्या समितीने आपलं काम केलं, अहवाल सरकारकडे गेला, आणि लोकांसमोर काही आला नाही. आठ महिन्यांनी तोच टप्पा पुन्हा उडाला. या वेळी वर नेपाळचा मुनाल होता, ब्राझीलचे छोटे उपग्रह होते, थायलंडचा होता, स्पेनची एक छोटी कॅप्सूल होती. एवढ्याशा डब्यासाठी एखाद्या देशातली पोरं तीन-तीन वर्षं घालवतात. मागच्या वेळी काय तुटलं आणि आता काय बदललं, हे त्यांना कोणी बसवून सांगितलं होतं का?

आपल्याकडे हे जमत नाही असं म्हणू नकोस, जमतं. जीएसएलव्ही रॉकेटचं एफ-१० उड्डाण आठव. १२ ऑगस्ट २०२१, क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाचा, टप्पा पेटलाच नाही. तेव्हा इस्रोने कारण लोकांसमोर ठेवलं, आणि ते कारण म्हणजे आपल्या धंद्यातलं सगळ्यात साधं दुखणं निघालं. द्रव हायड्रोजनच्या टाकीवरचा, जादा दाब बाहेर सोडणारा व्हेंट अँड रिलीफ व्हॉल्व्ह गळत होता, कारण त्यातलं मऊ सील खराब झालं होतं. बहुधा व्हॉल्व्हची उघडझाप होताना, नाहीतर कचऱ्याने आणि थंडीत बसवणीवर आलेल्या ताणाने. टाकीत हवा तेवढा दाब धरला नाही. टाकीच्या आत बसवलेला बूस्टर पंप त्यामुळे नीट फिरला नाही, मुख्य टर्बोपंपाला इंधन पुरलं नाही, इंजिन पेटलं नाही. रमाकाकूंना मी हे कुकरवरून सांगितलं आणि त्यांना ते एका वाक्यात कळलं: रिंग सैल, वाफ बाजूने जातेय, शिट्टी नाही, भात कच्चा. आत पाणी आहे, तांदूळ आहे, खाली गॅस आहे, तरी भात नाही!

आणि उपाय काय केले तेही सांगितलं. इंजिन सुरू होण्याआधी हायड्रोजनच्या टाकीत मुद्दाम दाब भरायची सोय, व्हॉल्व्ह आणि त्याच्या नळ्या मजबूत करणं, उड्डाणाची परवानगी देण्याआधी या टप्प्याची जास्तीची मापं आपोआप तपासणं. त्यानंतर एफ-१२, एफ-१४, एफ-१५, एफ-१६, चारही वेळा तो टप्पा चालला. एफ-१५ वरच्या एनव्हीएस-०२ या दिशादर्शक उपग्रहाचं पुढे दुसराच व्हॉल्व्ह न उघडल्याने वाटोळं झालं, ते वेगळं रडगाणं, पण रॉकेटने आपलं काम चोख केलं. आता मला सांग, एफ-१६ वर कोण होतं? निसार, नासा आणि इस्रोचा मिळून उपग्रह. अमेरिकेचं एल-बँड रडार, आपलं एस-बँड, दीड अब्ज डॉलरचा ऐवज. एफ-१० चं दुखणं लपवलं असतं तर नासाने आपली पोर त्या गाडीत बसवली असती का?

रिंगेचा विषय निघालाच आहे तर हेही. इथे रिंग सैल झाली की बायका ती फ्रीजरमध्ये टाकतात, आखडते आणि दोन दिवस पुरते. तू कधी ती बाहेर काढल्या काढल्या चिमटीत दाबून पाहिलीस का? बोट काढलं तरी खळगा तसाच राहतो, मग सावकाश भरून येतो. चॅलेंजर शटलच्या बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंगचं तेच झालं. २८ जानेवारी १९८६, केप कॅनव्हेरलला गोठवणारी रात्र, सकाळी पारा दोन अंशांच्या आसपास. बूस्टर पेटल्यावर सांधा किंचित उघडतो, तेव्हा रिंगने उसळी घेऊन ती फट भरायची असते. गार रबराला उसळी नव्हती. दहा दिवसांनी त्याला चाळीस वर्षं होतील. पण त्याच वर्षी जूनमध्ये चौकशीचा अहवाल जगाच्या हातात होता, आणि आज कुठल्याही देशात घन मोटरचा सांधा आखणारा माणूस तो वाचूनच कामाला बसतो. याला मी सहकार्य म्हणते, मुक्ता. शिष्टमंडळाचे फोटो नंतर.

आता तू म्हणशील, ही पुन्हा २०१९ वर आली. आलेच! चांद्रयान-२ चा विक्रम लँडर पडला त्या रात्री तू म्हणालीस की परक्यांच्या नादी लागलो म्हणून दहा वर्षं वाया गेली, मी म्हणाले तुला जर्मनीत ब्रेमेनला जाऊन देशप्रेम सुचतंय, आणि दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. मी जे बोलले ते वाईट होतं. आणि तुझं निम्मं खरं होतं, हे मी आज लिहून देते.

चांद्रयान-२ चा लँडर रशियाने द्यायचा होता, करार २००७ चा. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचं फोबोस-ग्रुंट यान पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं. मंगळाकडे ढकलणारं इंजिन पेटलंच नाही, आणि १५ जानेवारी २०१२ ला यान पॅसिफिकमध्ये पडलं. त्याच्या पोटात चीनचं यिंगहुओ होतं, त्यांचं पहिलं मंगळयान, सव्वाशे किलोसुद्धा नसेल. त्यात काही बिघाड नव्हता, ते फक्त दुसऱ्याच्या गाडीत बसलं होतं. त्या अपघातानंतर रशियाने आपल्या लँडरचा आराखडा बदलायला घेतला, वेळ पाळता येईना, आणि शेवटी आपण स्वतःचा करायचं ठरवलं. म्हणजे एक इंजिन पेटलं नाही आणि तीन देशांची वेळापत्रकं कोसळली. सगळ्यांनी एकाच दोरीवर लटकायचं याला माझाही विरोध आहे.

पण उरलेलं निम्मं मला मान्य नाही. परका आला म्हणून जोड बिघडते हे तुझं म्हणणं नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानापुढे टिकत नाही. तिथे दोन्ही बाजू अमेरिकनच. थ्रस्टरच्या आवेगाची फाइल एकाने पाउंड-सेकंदांत दिली, दुसऱ्याने न्यूटन-सेकंद समजून वापरली, फरक ४.४५ पटींचा. २३ सप्टेंबर १९९९ ला यान मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जायचं ते ५७ वर शिरलं. अपोलो १३ मध्ये तर एकाच मोहिमेतल्या दोन यानांचे कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे जुळेनात, एकाचे चौकोनी, दुसऱ्याचे गोल. उलट परका भागीदार असला की माणूस कागद नीट लिहितो, एकक लिहितो, कनेक्टरची पिन न् पिन लिहितो, कारण समोरच्याला ‘ते तर माहीतच असतं’ म्हणायची सोय नसते.

निसारचंच बघ. १२ मीटरची जाळीदार परावर्तक तबकडी बंगळुरूला येऊन पोचली होती. मग हिशोबात दिसलं की घडी घातलेल्या अवस्थेत उन्हाने ती ठरल्या मर्यादेपेक्षा तापू शकते. परत कॅलिफोर्नियाला पाठवली, ऊन परतवणारं आवरण चढवलं, पुन्हा आणली. उड्डाण २०२४ चं २०२५ च्या जुलैवर गेलं. इथे लोक चिडले, मला मात्र ते वाचून बरं वाटलं होतं. दोन देशांनी आधीच तारीख जाहीर केलेली असताना एखादा ताप मोजणारा माणूस ‘थांबा’ म्हणतो आणि दोघेही थांबतात! शुभांशू शुक्लांना अंतराळ स्थानकावर नेणाऱ्या अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेच्या वेळीही तेच. जूनमध्ये फाल्कन रॉकेटच्या द्रव ऑक्सिजनच्या वाटेत गळती सापडली. आपल्या लोकांनी आग्रह धरला की आधी दुरुस्ती, मग पुन्हा चाचणी, मगच उड्डाण. शुक्ला २५ जूनला गेले, सुखरूप परत आले. आपण तिथे तिकीट काढून बसलेले पाहुणे होतो, तरी बोलता आलं.

म्हणून मला करारात दोनच कलमं हवीत. तुझा बिघाड मला बघता आला पाहिजे, आणि शंका असेल तर मला उलटी मोजणी थांबवता आली पाहिजे. हे ज्याला चालत नाही त्याच्या यानात आपलं उपकरण ठेवू नये, आणि आपल्याला चालत नसेल तर नेपाळचा डबा घेऊ नये. गुप्त उपग्रहाचं काय ते गुप्त ठेवा ना. सी-६२ वरच्या ईओएस-एन१ मध्ये काय होतं ते नेपाळने विचारलेलं नाही. मोटरच्या दाबाचा आलेख दाखवायला काय हरकत आहे? रशियानेसुद्धा लुना-२५ चंद्रावर पडल्यावर सांगितलं की इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चाललं, कारण प्रवेगमापक वेळेवर सुरूच झाला नव्हता. त्याच्या जागी पडलेला खड्डा अमेरिकेच्या यानाने शोधून दिला. विक्रमचे तुकडेसुद्धा त्याच यानाच्या फोटोंत चेन्नईच्या एका अभियंत्याला सापडले. पडलेलं शोधायला सगळे एकमेकांना मदत करतात गं, पडायच्या आधी करायला काय होतं?

आणि एकट्याने जायचं म्हणणाऱ्यांना मी कोलंबिया शटलची आठवण देते. १ फेब्रुवारी २००३, कल्पना चावला गेली तो दिवस. शटल अडीच वर्षं जमिनीवर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक रिकामं करावं लागलं नाही, कारण रशियाची सोयुझ जात-येत होती. माणसं तीनची दोन केली आणि दिवे चालू ठेवले. दुसरी गाडी, दुसऱ्या देशाची, दुसऱ्या रचनेची. एकच चूक दोन्हीकडे असण्याचा संभव कमी. एवढ्यासाठीच मला परके हवेत.

देशपांडे सरांना शुक्रवारी हे सगळं फोनवर ऐकवलं. म्हणाले, सील बदललं की नाही ते दहा वर्षांनी कळतं, तोवर कागद जपून ठेव. मग तुझा नंबर मागितला. फोन कर त्यांना, ऐकायला कमी येतं, मोठ्याने बोल.

तुझं कसं चाललंय? नव्या घरात हीटिंग सुरू झालं का? इरा मराठी बोलते का अजून? नासाच्या ओरायन यानाचं सर्व्हिस मॉड्यूल तुमच्या गावचं, ३३ इंजिनं, त्यातलं मोठं जुन्या शटलवरून काढलेलं, हे मी सोसायटीत सगळ्यांना ऐकवते, जणू ते तूच घरी वळलंस. त्या मोठ्या इंजिनाच्या जोडणीचे कागद अमेरिकेतून किती खोलवर मिळाले? जेवढं सांगता येईल तेवढंच लिही.

मार्चमध्ये येणार असशील तर तारीख आधी कळव. खाडीत फ्लेमिंगो आलेत, तोवर असतील. आणि येताना माझं सीलचं जाड हँडबुक आण. अकरा वर्षं झाली, आता ते तुझं आहे असं तुला वाटायला लागलं असेल.

तुझी,
शिल्पा

ता. क. परवा तू म्हणाली होतीस तशी सिलिकॉनची रिंग आणली, पाच लिटरच्या कुकरला घट्ट बसतेय. फ्रीजरमध्ये ठेवून दाबून पाहिली. उसळी आहे.