भुरीला तीन आठवडे हवे आहेत

नमस्कार नाशिककर,

आमच्या निवाऱ्यातली कुत्री भुरी चौथ्या दिवशी परत आली. गणपती बसले त्याच आठवड्यात तिला एका घरी दत्तक दिलं होतं. घर चांगलं, माणसं प्रेमळ. परत द्यायला आलेल्या ताईंचे डोळे रडून सुजले होते. "जेवत नाही, वॉशिंग मशीनच्या मागून हलत नाही, आणि काल ह्यांच्यावर गुरगुरली. घरात लहान मूल आहे हो," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना आम्ही दोष देत नाही. चूक आमच्या निवाऱ्याची आहे. लसीचं कार्ड दिलं, नसबंदीचा कागद दिला, पट्टा दिला. पण ती घाबरली तर काय करायचं, हे नीट सांगितलंच नाही. आणि लहान मूल असलेल्या घरी भुरीला द्यायलाच नको होतं.

विसर्जनानंतर आणखी तीन कुत्री अशीच परत आली. जागा आठ कुत्र्यांची आहे, आज अकरा आहेत. दिवाळी तोंडावर आली आहे. म्हणून हे आवाहन.

भुरी रस्त्यावर वाढली. पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला ओळखीचं होऊन बसतं. भुरीच्या त्या दिवसांत चहाची टपरी होती, रिक्षा होत्या, उकिरडा होता. कुकरची शिट्टी, मिक्सर, लिफ्ट, पाय घसरणारी गुळगुळीत फरशी हे सगळं तिने दोन वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा अनुभवलं, तेही एका दिवसात. शिवाय खाली रस्त्यावर ढोल. नाशिक ढोलाचा अभिमान आम्हालाही आहे, आमचे दोन कार्यकर्ते पथकात वाजवतात. पण रस्त्यावरचं कुत्रं घाबरलं की पळून जातं. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पळणार कुठे? मग ते कोपऱ्यात शिरतं, आणि कोपऱ्यातही कुणी हात घातला की गुरगुरतं.

गुरगुरणं म्हणजे "जवळ येऊ नका" हे सांगणं. त्याबद्दल फटका दिला तर कुत्रं सांगायचं बंद करतं, भीती मात्र तशीच राहते, आणि पुढच्या वेळी सरळ दात लागतात. खरं तर गुरगुरण्याच्या आधीही ते बरंच काही सांगत असतं. झोप आलेली नसताना जांभई देतं, नाकावरून जीभ फिरवतं, तोंड दुसरीकडे वळवतं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं. शेपूट हलते म्हणजे खूश आहे, असंही दर वेळी नसतं. अचानक चिडकं झालेलं कुत्रं आधी डॉक्टरांना दाखवा. कान पिकलेला असतो, दाढ दुखत असते, गोचीडतापाने अंग मोडून आलेलं असतं, आणि आपण म्हणतो स्वभावच वाईट.

भुरीसाठी सध्या आमच्या एक निवृत्त शिक्षिका रोज संध्याकाळी येतात. पिंजऱ्यात तिच्याकडे पाठ करून पाटावर बसतात, पेपर वाचतात, आणि मागे न बघता उकडलेल्या चिकनचा एकेक तुकडा टाकत राहतात. हाक नाही, चुचकारणं नाही. पहिले काही दिवस भुरी बाई निघून गेल्यावरच खायची. नवव्या दिवशी बाई बसलेल्या असताना तिने पहिला तुकडा उचलला. गेल्या गुरुवारी ती पुढे आली, बाईंच्या पदराचं टोक हुंगलं आणि परत मागे गेली. बाई वळल्या नाहीत, पेपरचं पानसुद्धा उलटलं नाही. रिक्षात बसल्यावर मात्र फोन करून आम्हाला दोनदा सांगितलं.

अशी माणसं आम्हाला हवी आहेत. पैसेही हवेत, ते खाली सांगतोच. पण पैशाने पाठ करून बसता येत नाही.

सर्वांत मोठी गरज तात्पुरत्या घरांची आहे. एक शांत खोली, शक्यतो तळमजल्यावरची, तीन आठवड्यांसाठी, म्हणजे दिवाळीचे दिवस धरून. लहान मुलं असलेल्या घरी या चार कुत्र्यांपैकी एकही देणार नाही, कृपया आग्रह करू नका. खाणं, औषधं, डॉक्टर आमच्याकडे. फटाक्यांच्या रात्री खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्ही चालू, आणि पलंगाखाली जुनी चादर एवढं पुरतं. ते पलंगाखाली गेलं तर जाऊ द्या, ओढून बाहेर काढू नका. फिरवणं उजेडात उरका, पट्टा दोनदा तपासून.

पाठ करून बसणाऱ्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी द्याव्यात. रेबीजची प्रतिबंधक लस आधी घ्यावी लागेल. दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी हे चुकवायचं नाही.

पैसे लागतात ते रक्ततपासण्या, गोचीडतापाची औषधं, छातीवरून बांधायचे पट्टे आणि पिंजऱ्यांना आडोसा करायला. रक्कम कितीही चालेल. पावती घेतल्याशिवाय देऊ नका. वस्तूंमध्ये जुन्या सुती चादरी, गोणपाट आणि स्टीलची पसरट भांडी द्या. बिस्किटं नकोत, ढीग पडला आहे.

ज्यांनी आमच्याकडून कुत्रं नेलं आहे आणि ज्यांच्याकडे ते आत्ता सोफ्यामागे बसलेलं आहे, त्यांनी आधी आम्हाला फोन करावा, रात्री अकरा वाजता असला तरी. रस्त्यावर नेऊन सोडू नका. पाळलेलं जनावर उपाशीतहानलेलं राहील असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि नव्या गल्लीतली कुत्री त्याला टिकू देत नाहीत ते वेगळंच. परत आणलंत तर घेऊ, कुणी बोल लावणार नाही.

निवारा रोज चार ते सात उघडा असतो. भेटायला या. हेल्मेट मात्र बाहेर गाडीलाच अडकवून या. चेहरा न दिसणारं माणूस भुरीला अजून माणूस वाटत नाही.