रविवारच्या सामन्याआधी घोट्याची टेप

ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला आहे, त्या कबड्डीपटूंनी रविवारी अर्धा तास आधी यावे. घोट्याला आधार देणारी ही चिकट टेप घाईत लावता येत नाही.

पाय धुऊन, कोरडे करून या. तेल-मलम नको, टेप धरत नाही. ३८ मिलीमीटरची, न ताणली जाणारी पांढरी टेपच आणा. पाऊल नडगीशी काटकोनात धरायचे आणि पट्टी आतल्या बाजूने टाचेखालून बाहेर, वर ओढायची. कारण घोटा बहुतेक वेळा पाऊल आत वळूनच मुरगळतो. मागच्या वेळी एकाने पट्टी उलटी ओढली, वर सुरकुत्याही ठेवल्या. मध्यंतराला बघतो तर टाचेवर हा एवढा फोड! लावून झाल्यावर अंगठ्याचे नख दाबून बघा. रंग लगेच परतला नाही किंवा मुंग्या आल्या, तर काढून पुन्हा लावा.

वीस मिनिटांच्या पहिल्या डावात घामाने टेप सैल पडते, म्हणून मध्यंतरात तपासा. लेसवाला अँकल ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) पुन्हा आवळता येतो, असेल तर आणा.

ताज्या सुजेवर टेप बांधून कोणालाही मॅटवर उतरवणार नाही, कितीही विनवण्या करा. चार पावलेही टाकता येत नसतील तर थेट डॉक्टरकडे, एक्स-रेला.

कात्री मी आणतो.