पुळणीवरच्या बालोद्यानाशेजारी बिअर शॉपी नको : समस्त ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी व माहेरवाशिणींना आवाहन

॥ श्री ग्रामदेवता प्रसन्न ॥

सप्रेम नमस्कार वि. वि.

विषय बहुतेकांच्या कानावर गेला असेलच. समुद्राकडे जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी, आपल्या बालोद्यानाच्या कुंपणाला लागून जे नवे गाळे झाले आहेत, त्यांतल्या पहिल्या गाळ्यात बिअर शॉपी काढण्यासाठी अर्ज पडला आहे. त्यासाठी ग्रामसभेचा ना-हरकत ठराव हवा आहे. १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आठवा आहे, नळपाणी योजनेच्या थकबाकीच्या खाली. थकबाकीवर भांडून भांडून लोक जेवायला उठतात, तेव्हा हा पुकारला जाणार. क्रम कोणी लावला हे आम्ही विचारत नाही. आठवा विषय येईपर्यंत कोणी उठू नये, एवढेच आताच सांगून ठेवतो.

बाग कशी उभी राहिली हे नव्या सुनांना आणि बाहेर वाढलेल्या मुलांना माहीत नसेल, म्हणून थोडे लिहितो. जाणकारांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण सोडू नये.

पूर्वी त्या जागेवरून नाक धरून जावे लागे. एका टोकाला पहाटेची टमरेले, दुसऱ्या टोकाला सुकत घातलेला जवळा, मध्ये वाहून आलेला कचरा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले तेव्हा महिला मंडळाने तिथे पहिला खराटा मारला. लोक हसले होते. हसणाऱ्यांपैकी काही जण नंतर घमेली उचलायला आले, त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. पुढे केवडा आणि उंडी लावली, वाट आखली, बाहेरगावची माणसे मुलांना घेऊन बसू लागली.

मग ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. श्रीवर्धन-दिवेआगरपासून आपल्या दापोली-मंडणगडपर्यंत काय झाले ते सांगायला नको. पोफळीच्या बागा झोपल्या, एकाचे पत्रे दुसऱ्याच्या आगरात सापडले, सुरूचे बन तर ओळीने आडवे झाले. त्या पडलेल्या सुरूच्या ओंडक्यांची बाके झाली. सुतारकाकांनी मजुरीला हात लावला नाही, चहा-खारीवर काम केले. कोळीवाड्याने जुनी जाळी आणि दोर दिले, त्यांचे मुलांना चढायचे जाळे झाले. ते विणायला तांडेल मंडळी मासेमारी बंद असलेल्या दिवसांत रोज संध्याकाळी येऊन बसत. मोहल्ल्यातल्या दोहा-कुवेतच्या भावांनी झोपाळे आणि घसरगुंडीचे पैसे पाठवले. मशिदीच्या दुरुस्तीसाठी जमवलेल्या रकमेतून जमातीने उसने म्हणून दिलेली भर नंतर परत घेतलीच नाही. 'पोरं सगळ्यांचीच खेळतात,' एवढेच अध्यक्षचाचा म्हणाले. डोंबिवलीच्या आपल्या भजनी मंडळाने श्रावणातली सगळी बिदागी दिली. परळच्या गावकीच्या खोलीतल्या मुलांनी, ज्यांच्या स्वतःच्या नोकऱ्या लॉकडाऊनमध्ये गेल्या होत्या, त्यांनी आधी श्रम दिले आणि कामावर लागल्यावर पैसेही दिले. शाळेच्या निवृत्त बाईंनी पेन्शनच्या फरकाची पूर्ण रक्कम दिली. नाव फलकावर नको म्हणाल्या, म्हणून इथेही लिहीत नाही, पण कोण ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चाकरमान्यांच्या पैशावर गाव सावरायची रीत या भागात जुनी आहे. शेजारच्या मुरुडला अण्णासाहेब कर्व्यांनी 'मुरुड फंड' त्यासाठीच काढला होता. आपण फार मोठे काही केले असा दावा नाही. पण सरकारचा एक रुपया न घेता केले, हे कुणाही पाहुण्याला सांगताना मान ताठ राहते.

आज त्या जागेवर काय चालते ते सुट्टीच्या दिवशी येऊन बघा. घोडागाडी, बर्फाचा गोळा, कोकम सरबत. पुण्या-सातारकडची कुटुंबे संध्याकाळी वाळूत किल्ले करत बसतात, आजीआजोबा सुरूच्या बाकावर. थंडी सरल्यावर कासवांची पिल्ले सोडायची असली की पहाटेपासून मुले रांगेत उभी. आपल्या वाड्यांत घरगुती खानावळी आणि राहण्याच्या खोल्या ज्या चालतात, त्या या कुटुंबांवर. फोनवर बायका पहिला प्रश्न हाच विचारतात, 'किनाऱ्यावर दारू पिणारे नसतात ना?' आजवर आपण छातीवर हात ठेवून 'नाही' म्हणत आलो.

आता बिअर शॉपीचे समजून घ्या. तिथे बसून पिता येत नाही. सीलबंद बाटली घ्यायची आणि बाहेर पडायचे, हाच तिचा परवाना. बाहेर पडले की समोर काय आहे? आपली घसरगुंडी. माणूस बाटली घेऊन दापोलीला परत जाणार नाही, तो पुळणीवरच बसणार. रिकामी बाटली वाळूत, तिची काच भरतीबरोबर इकडून तिकडे. त्यावर अनवाणी पोर धावणार. शेजारच्या किनाऱ्यांवर प्यायलेल्या मंडळींनी जीप वाळूत घातल्या आणि भरतीत अडकवल्या, हे आपण दर वर्षी वाचतो आणि ट्रॅक्टर घेऊन ओढायला आपलीच मुले जातात. उधाणाच्या दिवसांत प्यायलेला माणूस पाण्यात उतरला, तर त्याला धरायला कोण उडी मारणार, हेही सर्वांना माहीत आहे.

कासवांचे वेगळेच. मादी रात्री अंधार बघून पुळणीवर चढते. अंडी फुटल्यावर पिल्ले उजेडाकडे जातात. समुद्राच्या बाजूचे उजळ आभाळ हीच त्यांची दिशा. गाळ्यावर झगमगती पाटी आणि पुढे गाड्यांचे दिवे लागले की पिल्ले उलटी पाणंदीकडे येतील. वेळास गावाने २००२ पासून कासवे जपायच्या कामाला हात घातला तेव्हापासून आपल्या तालुक्यातल्या आणि मंडणगडातल्या गावांनी जे मिळवले, ते एका ट्यूबलाइटपायी घालवायचे काय?

आम्हाला कोणी सोवळे म्हणू नये. भंडारवाड्यात माडी निघत होती, ती कोण कोण पीत होते तेही आम्हाला ठाऊक आहे, आणि त्यांतले काही बाग सांभाळणाऱ्या आपल्या या मंडळाचे आजीव सभासद आहेत. कोणी आपल्या घरात, हॉटेलात काय प्यावे हा मंडळाचा विषय नाही. अर्जदाराशीही वैर नाही. तोही आपल्यातलाच, कालपर्यंत पालखीला खांदा देणारा. आमची हरकत जागेला आहे. पर्यटन वाढेल, चार पोरांना काम मिळेल, हा त्याचा मुद्दाही आम्ही ऐकून घेतला. बाटल्या देण्याघेण्याला दोन पोरे लागतील. त्या बदल्यात किती घरांच्या खोल्या रिकाम्या राहतील, याचा हिशेब कोणी मांडला नाही. बिअरला कायद्याने वयाची अट २१ वर्षांची आणि दुकानाच्या दारातून दिसणारे गिऱ्हाईक सहा-सात वर्षांचे. अशी जागा निवडायला धाडस लागते.

आता कायद्याचे, कारण आमचे काही मित्र म्हणतात, 'होऊ द्या, नंतर बंद करू.' नंतर बंद करणे म्हणजे काय ते बघा. चालू दुकान बंद करायचे तर २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, त्या सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते हवीत ती आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. आपल्या यादीतल्या कितीतरी वहिनी विरार-नालासोपाऱ्याला राहतात. त्या मतदानाला आल्या नाहीत तर त्यांचे न आलेले मत आपल्याच विरुद्ध पडणार. आज हात वर करायला येणे त्यापेक्षा फार सोपे आहे.

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जे कमी ते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे दहा जण बसून गावाच्या नावाने ठराव करू शकतात. असे पूर्वी झाले आहे, कोणत्या विषयात ते लिहीत नाही. याखेरीज ते गाळे भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत आहेत असे आमचे म्हणणे आहे. तसे असेल तर किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, ना-विकास पट्ट्यात ते उभेच कसे राहिले हा प्रश्न येतो. त्यासाठी माहिती अधिकारात कागद मागितले आहेत आणि मोजणी करून घ्यायची आहे. परवान्याचा अंतिम निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. तो विरुद्ध गेला तर राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करावे लागेल. हे सगळे फुकट होत नाही.

एक गोष्ट मनात राहिली आहे, ती बोलून टाकतो. गेल्या वर्षी बागेला रात्रीचा राखणदार ठेवण्यासाठी याच मंडळाने आवाहन केले होते. ग्रुपवर अंगठे आणि जोडलेले हात इतके आले की मोबाइल तापला. पावत्या मात्र अकरा फाटल्या. राखणदार ठेवता आला नाही, दोन झोपाळ्यांच्या पाट्या गेल्या, आणि मग 'मंडळ काय करते?' हा प्रश्न विचारायला त्याच ग्रुपवर बरीच मंडळी जागी झाली. क्रिकेटच्या चषकाला मुंबईतून एका रात्रीत पैसे उभे राहतात. ते राहोत, आमचा राग नाही, आमचीच मुले खेळतात. पण ज्या बागेत आपल्या मुलाचा फोटो काढून सगळ्यांना दाखवला, तिच्यासाठी एक सही करायला वेळ नसावा याचे वाईट वाटते. नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागून किती दिवस झाले ते फलकासमोर रोज एसटीची वाट बघणाऱ्यांनी स्वतःला विचारावे.

व्यवहाराचे थोडक्यात. महिला सभा ३० एप्रिलला दुपारी ३ वाजता शाळेत, ग्रामसभा १ मे रोजी झेंडावंदनानंतर सकाळी १० वाजता देवळाच्या सभामंडपात. मे महिन्याच्या सुट्टीला येणारच आहात, तर दोन दिवस आधी या. मतदार यादीत नाव असलेल्यांनाच हात वर करता येईल, बाकीच्यांनी नुसते बसायला यावे, त्यानेही फरक पडतो. लेखी हरकत जिल्हाधिकारी, रत्नागिरी यांच्या नावे आणि प्रत अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांना; झेरॉक्स नको, आपापल्या हाताने, आपले कारण लिहून, पूर्ण नाव-पत्ता-सहीसह २५ एप्रिलपर्यंत मंडळाकडे द्यावी, आम्ही एकत्र नेऊन पोच घेऊ. माहेरवाशिणींनीही लिहावे, तुमची मुले सुट्टीत इथेच खेळतात. खर्च : मोजणी, वकील, छपाई आणि सुनावणीला महिलांना रत्नागिरीस नेण्या-आणण्याच्या गाड्या मिळून किमान ६० हजार रुपये. गावातल्या घरटी ५००, चाकरमानी १०००, अधिक देणाऱ्यांना कोणी अडवलेले नाही. खाते तेच जुने, क्रमांक मागच्या पावतीवर आहे. पावती हरवली असेल तर खजिनदारांकडे. पैसे पाठवून नाव न कळवणाऱ्यांमुळे हिशेबाला फार त्रास होतो, कृपया नाव आणि वाडी कळवावी. शिल्लक राहिली तर झोपाळ्याच्या पाट्यांना.

ज्यांच्याकडे जीप किंवा टेम्पो आहे त्यांनी सुनावणीच्या दिवशी गाडी दिली तर रोख वर्गणी माफ. वकिली करणाऱ्या आपल्या दोन भाच्यांशी बोलणे झाले आहे. एकीने होकार दिला, दुसऱ्याच्या फोनची वाट बघत आहोत.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : शिमग्याचा हिशेब याच सभेत मांडला जाईल अशी अफवा आहे. तो ३ मे रोजी वेगळ्या बैठकीत होईल. १ तारखेला कृपया कोणी पालखीचा विषय काढू नये, नाहीतर आठवा विषय संध्याकाळपर्यंत येणार नाही.