ट्रेलर घरी आला की

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

रविवारी कॅम्पिंगचा ट्रेलर गाडीमागे ओढत दिवेआगरहून परत याल, तेव्हा सगळी आवराआवर त्याच संध्याकाळी उरकायची नाही, हे आधी कबूल करा. मोजकीच कामं अशी आहेत की ती सोमवारवर टाकली तर महागात पडतात. वाटेतली आणि ती आधी लिहिते, सोमवारची शेवटी.

आपल्या कुत्र्याला, शेरूला, निघायच्या तीन-चार तास आधी खायला घाला, मग फक्त पाणी. निजामपूर सोडलं की ताम्हिणीची वळणं सुरू होतात, भरल्या पोटी तो ओकणारच. त्याला ट्रेलरमध्ये अजिबात बसवू नका. आत हवा खेळत नाही, सामान घसरतं आणि पुढे तुम्हाला काही कळत नाही. मागच्या सीटवरच, पण पट्टा गळ्याला नको, छातीच्या पट्ट्याला अडकवा.

मुळशीला चहाला थांबाल तेव्हा ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन बघा. कोमट असेल तर ठीक. एकच चाक हात ठेववणार नाही इतकं तापलं असेल, तर बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय किंवा ब्रेक धरून राहिलाय. तसंच ओढत पुण्यापर्यंत आणू नका.

बाबा, गल्लीत रिव्हर्स घेताना स्टिअरिंग खालून धरा. मग हात जिकडे सरकेल तिकडे ट्रेलरची शेपटी वळते, उलटसुलट हिशेब करावा लागत नाही. गाडीपासून सोडवण्याआधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग हँडब्रेक, मग पुढचं छोटं चाक खाली, मग वायरचा प्लग आणि साखळी, आणि सगळ्यात शेवटी हूक. ठोकळ्यांआधी हूक सुटला तर उतारावर ट्रेलर चालू लागतो. दांडी हाताने उचलू नका, छोट्या चाकाचं हँडल फिरवा. कंबर तुमचीच आहे.

आता शेरू, आणि इथे घाई नको. आई, पाय पुसायच्या आधी बोटांच्या बेचक्यांत, कानांत, काखेत, शेपटीखाली आणि गळपट्ट्याखाली उजेडात बघ. पावसाळ्यानंतर गवताची कुसळं बोटांमधून आत शिरतात. तो एकच पंजा चाटत बसला की समजायचं. गोचीड दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. रॉकेल, तेल, काडीचा चटका नको. त्याने ती जास्तच लाळ आत सोडते. नखाने चिरडायचीही नाही, स्पिरिटमध्ये टाक. समुद्राचं मीठ साध्या पाण्याने धुऊन कान कोरडे कर.

पहिला दिवस तो झोपून काढेल, ते चालतं. पण पुढचे तीन आठवडे लक्ष ठेव: जेवण सोडलं, हिरड्या फिकट पडल्या, लघवी गडद झाली किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि गोचीड होती हे आपणहून सांगा, म्हणजे रक्त तपासतील. ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला तरी न्या. १०२ हा कुत्र्याचा ताप नव्हे. तुमच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन त्याला देऊ नका, दोन्ही त्याला बाधतात.

ट्रेलरचं त्या रात्री एवढंच: गॅस सिलिंडर बंद असल्याची खात्री, फ्रिज रिकामा करून दाराला टॉवेल अडकवून उघडा ठेवणं, आणि ओला तंबू असेल तर गच्चीत पसरणं. दमट कापड घडी घालून ठेवलं की दोन दिवसांत बुरशी धरते आणि तो डाग जात नाही. कापडाला साबण लावू नका, पाणी अडवणारा थर निघून जातो. मऊ ब्रश आणि पाणी पुरे.

सोमवारी उन्हं वर आल्यावर पाण्याची टाकी पूर्ण उपसा. खालचे स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेकच्या केबल गोड्या पाण्याने धुवा, खारा वारा तिथेच गंज धरतो. पाण्यावरून शेजारचे कुरकुरले तर दोन बादल्या आणि जुना मग, पाइप नको. बॅटरीची वायर काढून काही तासांनी मीटर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. अर्धवट भरलेली तशीच महिनाभर ठेवली तर पुन्हा पूर्ण भरत नाही.

चांदणी चौकातून एक मिस्ड कॉल द्या.

तुमची लेक