पत्ता पुसला, तरी राखी पोहोचली

ताईने गावाहून पाठवलेल्या पाकिटावरची शाई पावसात पार पसरली होती. वाचता येत होतं फक्त आमचं आडनाव आणि पिनकोडचे सहा आकडे. तरी राखीपौर्णिमेच्या आदल्या दुपारी पाकीट दारात! मुंबई टपालातल्या ज्या हातांनी ते इथवर आणलं, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. त्या सर्वांचे मनापासून आभार.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. टपालखात्यातले हे अधिकारी संस्कृतचे कवीही होते, याचं मला फार अप्रूप वाटतं. पहिले तीन आकडे पत्राला योग्य जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत. पुढच्या गल्ल्या, चाळी, जिने मात्र पोस्टमनलाच पाठ असावे लागतात.

सीएसएमटीजवळचं जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य टपाल कार्यालय, १९१३ साली बांधून झालं. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. परवा तिथे स्पीड पोस्टच्या खिडकीशी रांगेत उभी होते. आतून शिक्क्यांचे आवाज येत होते. वर्गीकरण करणाऱ्या ताई-दादांनो, भर पावसात चार जिने चढून आलेल्या पोस्टमनदादा, भावाच्या हातावर ती राखी अजून आहे.